जामीन राहिलेल्या बाई

हिरेमठबाई खुशीत असल्या की आम्हा मुलींना लाडानं कानडी ‘अगं अव्वा’ म्हणायच्या आणि संतापल्या की ‘अहो ताई’. नव्या मुलींना हे उलटं वाटायचं. ‘अहो ताई, जरा इकडे येता का?’ अशी वॉर्डातून हाक आली की नवी मुलगी हरखायची, बाईंनी आपल्याला मान दिला असं समजून लगबगीनं आत जायची. थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर यायची. पुढं शिक्षण संपेपर्यंत ‘अहो’ ऐकलं की ती आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायची.

सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्याला जोडून नर्सिंगची लहानशी शाळा होती. तिथल्या त्या सिस्टर ट्यूटर. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडायच्या कामावर झाडाखाली बाळंत होणाऱ्या बायका हिरेमठबाईंनी पाहिल्या होत्या. तेव्हा त्यांनी ट्रस्टच्या सेक्रेटरींचा असा काही पिच्छा पुरवला, की अखेर त्यांना एक योजना सुरू करावीच लागली. खेड्यातल्या गरीब मुलीला नर्सिंग शिकवायचं. फी, राहणं, जेवण, गणवेश सगळं ट्रस्टचं. बदल्यात तिनं शिकून झाल्यावर तीन वर्षं ट्रस्ट सांगेल त्या गावात काम करायचं. मुदत पुरी झाली की सर्टिफिकेट हातात, मधेच सोडून गेली तर नाही. याला सगळे बॉण्ड म्हणत. बॉण्डला जामीनदार लागे, आणि जिच्या घरी कुणाच्या नावावर काहीच नाही तिला जामीन कोण राहणार? बाई राहायच्या. अक्कलकोटकडे वडिलांची थोडी जमीन त्यांच्या नावावर होती, तेवढ्या बळावर त्यांनी कितीतरी मुलींसाठी सही केली.

बाई उंच, काटक. लहान वयात नवरा गेला होता. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आमची विचारायची छाती नव्हती. जंगम घरातल्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरुघराण्यातल्या. सकाळी लिंगपूजा झाल्यावर कपाळाला लावलेली विभूती संध्याकाळपर्यंत तशीच असायची. पांढरं कडक इस्त्रीचं पातळ आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. ते बूट बघून पेशंटबरोबर आलेली पोरंटोरं हसायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. “चालते मी, हसतात ते. आपापलं काम,” म्हणायच्या.

मुली निवडताना त्या मार्क बघायच्या नाहीत. एकच प्रश्न ठरलेला. घरी पाहुणा आला, भाकरी एकच उरली, तू उपाशी, तर काय करशील? मुली शहाण्यासारखं सांगायच्या, पाहुण्याला देईन. की बाई म्हणायच्या, “आणि तू चक्कर येऊन पड. उपाशी नर्स कुणाच्या कामाची?” माझ्या वेळी मी अर्धी अर्धी म्हणाले आणि कशीबशी पास झाले. माझ्यानंतर सुमन आत गेली. ती वळसंगच्या पलीकडच्या एका खेड्यातली. ती म्हणाली, “दुसरी थापीन की.” बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेर बसलेल्या आम्ही दचकलो.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा अशी होती, की प्रत्येक मुलीला एक दिवस पेशंट व्हावं लागे. वॉर्डातल्या खाटेवर दिवसभर पडून राहायचं. उठायचं नाही, स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आणि बेडपॅनही सुटायचा नाही. लाजेनं आम्ही अर्धमेल्या व्हायचो. दुसऱ्या दिवशी बाई विचारायच्या, “काय नको वाटलं सगळ्यात?” मी म्हणाले, बेडपॅन. सुमन म्हणाली, “डॉक्टर आले, माज्याविषयी बोलले आनि माज्याकडं बगितलंच न्हाई.” बाईंनी तिला पुढं बोलावून तेच सगळ्यांना पुन्हा सांगायला लावलं.

आता गंमत अशी, की हे शिकवणाऱ्या बाईंनाच दुसऱ्याच्या वतीनं बोलायची मोठी खोड. डॉक्टरांनी पेशंटला विचारावं आणि उत्तर बाईंनी द्यावं. एखादीचा बाप तिला लग्नासाठी घेऊन जायला आला, की मुलीनं तोंड उघडायच्या आत बाई सांगून मोकळ्या, “ती शिकणार आहे. तुम्ही जा.” बहुतेक वेळा त्या बरोबरच असत. त्यामुळे ही खोड आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बॉण्डवर सही ऑफिसात झाली तरी बाईंचं समाधान व्हायचं नाही. मुलगी गावाशी बांधली जाणार, मग गाव मुलीशी नको बांधलं जायला? म्हणून त्या मुलीला घेऊन तिच्या गावी जात, चावडीपुढं माणसं जमवत आणि दोघांकडून वदवून घेत. मुलीनं सांगायचं, मी शिकून परत येईन. गावानं सांगायचं, आम्ही तिला खोली देऊ, पाणी देऊ, तिला वेडंवाकडं बोलणार नाही. मुलीला तिच्याच गावात पाठवायचं हीही बाईंचीच कल्पना. आपल्या गावची लेक नर्स होऊन आली तर गाव तिला डोक्यावर घेईल, असा त्यांचा हिशेब.

सुमनच्या गावाला जाताना त्यांनी मलाही बरोबर नेलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत. घराघरात कानडी आणि मराठी दोन्ही चालणारं गाव. गौडा म्हणजे तिथले पाटील, मोठ्या मिशांचे, बोलायला गोड. बाई एसटीतून उतरल्या तशी गावातली बडी माणसं ‘शरणु’ म्हणत त्यांच्या पाया पडली. गुरुघराण्यातली बाई दारात आलेली. गौडांनी चावडीलगतची खोली तिथल्या तिथं कबूल केली. सुमन एका बाजूला उभी. तिची आई यमुनाबाई त्याहून लांब, लिंबाखाली.

“सुमन, सांग सगळ्यांना, शिकून तू काय करणार?” बाई म्हणाल्या.

सुमननं आईकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

“लाजते ती. मी सांगते की. आपल्या गावची सेवा करणार, दुसरं काय?”

टाळ्या पडल्या. परतताना एसटीत सुमन माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, “दुसरं गाव मिळालं असतं तर बरं हुतं.” मी म्हटलं, बाईंना सांग ना. ती म्हणाली, “सांगनारच हुते. त्यांनीच सांगून टाकलं.”

सुमन आणि मी एकाच समाजाच्या, बौद्ध. फरक इतकाच, की माझे वडील रेल्वेत, आम्ही शहरात वाढलो, आणि मी खेड्यातली नसल्यानं माझा बॉण्डही दवाखान्यातच काम करायचा होता. घरी गेल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं. आई भाकरी भाजता भाजता म्हणाली, “बाई चांगल्या आहेत गं. पण त्या गावात त्या ज्या वाटेनं जातात, त्या वाटेनं सुमन कधी गेली असेल का?”

शिक्षण संपलं. सुमन पांढरं पातळ, बॅग आणि औषधांची पेटी घेऊन गावी गेली. चावडीलगतच्या खोलीची किल्ली काही मिळाली नाही. आज डागडुजी, उद्या रंग, परवा किल्ली असलेला माणूस परगावी. ती गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत आईच्या घरातूनच काम करू लागली. वस्तीतल्या बायका येत. गावातून कुणी बोलावत नसे. ताप आला तर पोरगा येऊन लांबून गोळी मागायचा, सुमननं ती कट्ट्यावर ठेवायची, त्यानं उचलायची.

वर्ष सरायच्या आत गावची चार माणसं ट्रस्टच्या ऑफिसात तक्रार घेऊन आली. गौडांच्या सुनेच्या बाळंतपणाला नर्स हजर असूनही तिनं काही केलं नाही, दारात उभी राहिली, आठवड्याभरात बाळाला आकडी आली आणि ते गेलं. अशी नर्स आम्हाला नको आणि तिला सर्टिफिकेटही देऊ नका. सेक्रेटरी बाईंना म्हणाले, जाऊन बघून या. बाईंबरोबर पुन्हा मीच गेले.

आधी गौडांकडं गेलो. खरं सांगायचं तर त्यांचं दुःख खोटं नव्हतं. “पयला नातू, बाई,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, “बोलावलं हुतं की तिला. दारातच हुबी ऱ्हायली. आत आलीच न्हाई.”

बाई तिथून निघाल्या त्या ताडताड वस्तीकडं. यमुनाबाईंच्या घरात शिरल्या. सुमन भिंतीला टेकून उभी होती, पातळ स्वच्छ धुतलेलं, चेहरा उतरलेला.

“अहो ताई,” बाई म्हणाल्या, “आपण आत का गेला नाहीत?”

सुमननं वर पाहिलं. उत्तर यमुनाबाईंनी दिलं, आवाज जरासुद्धा न चढवता. “बाई, तुमी आमच्या घरात विचारल्याबिगर आत आलासा. आमाला बरं वाटलं. पन गौडाच्या घरात माज्या लेकीला उंबरा वलांडू दिला न्हाई त्यांनी. तुमाला ह्ये ठावं न्हवतं व्हय?”

मग सुमन बोलली. “आत सुईन हुती. मी दारातनं वरडत हुते बाई, विळा उकळा, विळा उकळल्याबिगर नाळ कापू नगा, पोराला धनुर्वात हुईल. सुईन ऐकंना. मला म्हनले, काय सांगायचं ते तितनंच सांग. तितनंच सांगितलं मी. घसा बसंस्तोवर सांगितलं.”

बाई खाली बसल्या. सतरंजी होती, पण त्या तिच्यावर नाही, तशाच शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. पाया पडणाऱ्या त्या माणसांना बाई ओळखत होत्या, ती त्यांचीच माणसं होती. त्या माणसांच्या दारात सुमनला काय सोसावं लागेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. मला त्यांचा राग आला होता, तो मी लपवत नाही. इतक्या हुशार बाईला एवढं कळू नये? पण त्यांनी मान खाली घालून कानडीत ‘तप्पायतु’ म्हटलं, चुकलं, आणि तो राग कुठं ठेवावा मला कळेना.

“बाई, मला कुटंबी पाठवा,” सुमन म्हणाली. “जंगलात पाठवा. पन हितं नगं. आनि माजं सर्टिफिकेट मारू नगा. मी काम चुकवलेलं न्हाई.”

सोलापूरला परत आल्यावर बाई कॅनव्हासच्या बुटांनिशी थेट सेक्रेटरींच्या खोलीत गेल्या. मी दाराबाहेर होते, बोलणं सगळं ऐकू येत होतं. बाईंनी घडलेलं सांगितलं. तक्रार खोटी आहे, हे सेक्रेटरींनी लगेच मान्य केलं. पण मुलगी गाव सोडणार असेल तर बॉण्ड मोडला, मग सर्टिफिकेट कसं द्यायचं? एकीला सूट दिली की उद्या सगळ्या शहरात बदली मागतील आणि खेड्यांना नर्स मिळणार नाही. त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं.

“आणि जामीनदार तुम्ही आहात, हिरेमठबाई.”

“म्हणूनच आले की. गावाला तीन वर्षं नर्स द्यायची, एवढंच लिहिलंय ना? उरलेली मुदत मी भरते. सुमनला इथं बाळंतपणाच्या वॉर्डात घ्या, तिची मुदत तिथं मोजा.”

“ट्यूटरची जागा मला रिकामी ठेवता येणार नाही. परत याल तेव्हा स्टाफ नर्स म्हणून यावं लागेल.”

“नका ठेवू,” बाई म्हणाल्या.

जामीन राहणं म्हणजे एक सही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. जिच्यासाठी सही केली तिच्या जागी प्रत्यक्ष जाऊन उभं राहता येतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या शाळेत त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई आल्या. पेशंट व्हायचा तो दिवस पहिल्याच महिन्यात बंद झाला.

गावानं मात्र बाई येणार म्हटल्यावर चावडीलगतची खोली एका दिवसात उघडली. चुना दिला, दाराला तोरण बांधलं. बाई ती खोली बघायलासुद्धा गेल्या नाहीत. वस्तीत जाऊन यमुनाबाईंना म्हणाल्या, तुमची पडवी मला द्याल का?

यमुनाबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. “चार दिस ऱ्हाऊन जानार आसाल तर नगं. तुमी गेल्यावर सगळा राग आमच्यावर निगंल.”

“मुदत संपेपर्यंत हलणार नाही.”

“मग ऱ्हावा.”

हे मला पुढं यमुनाबाईंनीच सांगितलं. पहिले काही आठवडे गावातलं कुणी फिरकलं नाही. गौडा दोनदा समजवायला आले, तेही वस्तीच्या तोंडाशी उभं राहून. बाई म्हणाल्या, दवाखाना इथं आहे, ज्याला यायचं त्यानं यावं. बाळंतपणाला त्या घरी जात, पण एका अटीवर. यमुनाबाईंना त्यांनी पाणी उकळायचं, हात धुवायचे, मूल पुसायचं सगळं शिकवलं होतं. बाई म्हणत, “मी आत येईन ती हिच्यासकट. ही दारात थांबणार असेल तर मीही दारात.” काही घरांनी गाडी जुंपून बायकांना वळसंगला नेलं, पण ही अट मानली नाही. काही घरांनी मानली. गौडांची सून पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा ती सासूचा हात धरून स्वतःच वस्तीत चालत आली आणि यमुनाबाईंच्या पडवीत बाळंत झाली. मुलगी झाली, जगली.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. आणि बाईंनी फार मोठा त्याग केला, असं दवाखान्यातले लोक म्हणायचे तेही मला तितकंसं पटत नसे. चूक त्यांची होती, ती त्यांनी भरली. पण आपली चूक आपल्या अंगानं भरणारी माणसं आयुष्यात मला किती भेटली म्हणाल, तर मी दुसरं नाव शोधत बसते.

मुदत संपली त्या दिवशी दवाखान्याची जीप त्यांना आणायला निघाली, तिच्यात मी बसले. वस्तीत पोहोचले तर पडवीपुढं बरीच माणसं. गौडा, त्यांचा भाऊ, आणखी काही जण. बाईंनी राहावं म्हणून विनवण्या करून झाल्या होत्या. बाई आता थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, “ही नोकरी माझी नव्हती. सुमनची होती.”

माणसं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी गौडाच यमुनाबाईंकडं वळले. “मग सुमनला धाडा की माघारी. खोली देतो. आमच्या घरात कुनी आडवनार न्हाई तिला, माजा शबुद.”

यमुनाबाई म्हणाल्या, “तिलाच इचारावं लागंल.”

“बाई, तुमी सांगा की तिला,” गौडा म्हणाले. “तुमचं ऐकंल ती.”

“ऐकेल,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच नाही सांगणार.”

दवाखान्यात जीपमधून उतरल्यावर बाई सामान खोलीत टाकायलाही न थांबता बाळंतपणाच्या वॉर्डाकडं गेल्या. सुमन आत होती. आयुष्यभर कुठल्याही दारातून सरळ आत शिरणाऱ्या बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं सुमन हात पुसत बाहेर आली, बाईंना बघून थबकली, वाकून नमस्कार करू लागली. बाईंनी तिला मधेच धरलं.

“तुझी मुदत संपली. सर्टिफिकेट उद्या मिळेल,” त्या म्हणाल्या. “गावची माणसं येतील तुझ्याकडं. माघारी ये म्हणतील. या वेळी मनापासून म्हणतायत, असं मला वाटतं. पण तुला काय वाटतं ते तू सांग.”

“न्हाई म्हनलं तर?”

“तर नाही.”

“तुमाला वाईट वाटंल.”

“वाटेल की. पण ते माझं मी बघेन.”

“मग न्हाई बाई,” सुमन म्हणाली. “मी जानार न्हाई.”

आतून कुणीतरी कळवळून हाक मारली. सुमन वळली आणि पडदा सारून आत गेली. बाई बसूनच होत्या. मी विचारलं, चहा आणू का? त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्याच आठवड्यात माझं लग्न झालं, मी मिरजेला गेले आणि थोड्याच दिवसांत बाई अक्कलकोटला भावाकडं निघून गेल्या. त्यामुळे बाई म्हटलं की मला त्या बाकावरच्याच आठवतात. पडद्याआडून सुमनचा आवाज येत होता, शांत, जराही घाई नसलेला. “घाबरायचं न्हाई, अक्का. दम घ्या. मी हितंच हाय.”

बाई मान किंचित पुढं करून ते ऐकत होत्या.